शुभवर्तमानातील गोष्टींचे मूळ गाव

कफर्णहूममधल्या एका घरात येशू बोलत होता. गर्दी इतकी की दारातही उभे राहायला जागा नव्हती. चार जण एका पक्षाघाताच्या रोग्याला बाजेवर घालून घेऊन आले. आत शिरता येईना, तेव्हा ते छपरावर चढले, छप्पर उकरले आणि बाज खाली सोडली. मार्क ही गोष्ट अशी सांगतो. लूक तीच गोष्ट सांगतो तेव्हा मात्र ते लोक कौलांमधून वाट काढतात. कफर्णहूमच्या उत्खननात त्या काळच्या वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. काळ्या बेसॉल्ट दगडाच्या ओबडधोबड भिंती, मध्ये अंगण, भोवती लहान लहान खोल्या. छपरे बहुधा लाकडी वाशांवर फांद्या, गवत आणि चिखलमाती थापून केलेली असत, आणि अशा छपराला वाट पाडायची तर ते उकरावेच लागते. मराठवाड्यातले माळवदाचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना मार्कचे चित्र पटकन समजेल. लूकने त्याच जागी कौलारू घर उभे केले आहे.

लूकने यात काही लबाडी केलेली नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या ग्रीकभाषक शहरांतल्या वाचकांसाठी तो लिहीत होता. त्यांच्या डोळ्यांसमोर घर उभे राहावे म्हणून त्याने त्यांच्या ओळखीचे छप्पर घातले. म्हणजे शुभवर्तमानातली प्रत्येक गोष्ट निदान दोन जगांत घडते. एक जग येशूचे: अरामी बोलणारी, शेती आणि मासेमारीवर जगणारी, तोरा पाळणारी गालीलमधली यहुदी खेडी. दुसरे जग लिहिणाऱ्यांचे: ग्रीक भाषा, रोमन कारभार आणि यरुशलेमचे मंदिर जळाल्यानंतरची अस्वस्थता. येशूला इसवी सन ३० च्या आसपास क्रूसावर दिले. मार्कचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक ७० च्या सुमाराचे मानतात, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी आणि योहान शतक सरता सरता लिहिला गेला असे समजतात. रोमन सैन्याने मंदिर पाडले ते ७० साली, म्हणजे गोष्टी तोंडी फिरत होत्या आणि लिहिल्या जात होत्या त्याच काळात. तिसरे जग आपले, वाचणाऱ्यांचे. सर्वांत मोठा घोटाळा तिथे होतो.

या गोष्टी त्यांच्या काळात ठेवून वाचण्याचा प्रयत्न गेली अडीचशे वर्षे चालू आहे. त्याचा आढावा घेताना एक बाब मला सतत अस्वस्थ करते. येशू मोठा दिसावा म्हणून त्याच्या भोवतालचा यहुदी समाज काळाकुट्ट रंगवायचा, ही सवय प्रवचनांपासून विद्यापीठांपर्यंत पसरलेली आहे. तो समाज जसा होता तसा पाहिला, तर येशूच्या गोष्टी जास्त बोचऱ्या होतात, कारण मग त्यांचा रोख दुसऱ्या कुणाकडे वळवता येत नाही.

सुरुवात हाम्बुर्गच्या हेरमान झाम्युएल रायमारुस (१६९४–१७६८) यांच्यापासून करतात. येशूचे शब्द त्याच्या यहुदी श्रोत्यांना कसे समजले असतील ते आधी पाहा, असा त्यांचा आग्रह होता. हे लेखन हयातीत छापायचे धाडस त्यांनी केले नाही. ते गेल्यावर लेसिंगने १७७४ पासून त्यातले काही भाग प्रसिद्ध केले. १८३५ साली डाव्हिड फ्रीडरिश श्ट्राउस यांनी येशूच्या चरित्राची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला आणि त्यांची ट्युबिंगेनमधली नोकरी गेली. १९०६ मध्ये आल्बर्ट श्वाइट्झर यांनी या सगळ्या चरित्रांचा धांडोळा घेतला. प्रत्येक काळाने येशूमध्ये स्वतःचाच आदर्श पाहिला, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांची ही तक्रार आजही जुनी झालेली नाही.

दाखल्यांच्या, म्हणजे येशूच्या बोधकथांच्या, बाबतीत वळण थोडे निराळे होते. चर्चच्या परंपरेत दाखले रूपकासारखे उलगडले जात. संत ऑगस्टीनच्या वाचनात यरीहोच्या वाटेवर लुटला गेलेला माणूस आदाम, त्याला उचलणारा शोमरोनी ख्रिस्त आणि धर्मशाळा म्हणजे चर्च. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आडोल्फ युलिशर यांनी ही पद्धत मोडली. पुढे सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये आणि योआखिम येरेमियास यांनी १९४७ मध्ये दाखले पॅलेस्टाईनच्या शेतीत, बाजारात, घरांत नेऊन ठेवले. येरेमियास यांचे लहानपण यरुशलेममध्ये गेले होते. पेरणी, मजुरी, लग्न, कर्ज यांचे त्यांनी जमवलेले तपशील आजही उपयोगी पडतात. मात्र त्यांच्या पुस्तकांतला यहुदी धर्म कोरडा, नियमांनी जखडलेला आणि दयाशून्य आहे, आणि त्या अंधारात येशू एकटाच दिवा घेऊन उभा आहे. पुढच्या दोन पिढ्यांनी हे चित्र जसेच्या तसे उचलले.

अशा चित्राची परिणती काय होऊ शकते ते जर्मनीतच दिसले. १९३९ च्या मे महिन्यात आयझेनाख गावी एक संस्था स्थापन झाली. जर्मन चर्चच्या जीवनातून यहुदी प्रभाव शोधून नष्ट करणे हा तिचा घोषित उद्देश होता. नव्या कराराचे अभ्यासक वाल्टर ग्रुंडमान तिचे वैज्ञानिक संचालक होते. गालील ही मिश्र वंशांची भूमी होती, त्यामुळे येशू वंशाने यहुदी नसावा, अशी मांडणी त्यांनी १९४० साली केली. युद्धानंतर तेच ग्रुंडमान पूर्व जर्मनीत शुभवर्तमानांवर भाष्ये लिहीत राहिले. सुझाना हेशेल यांनी २००८ च्या पुस्तकात हा इतिहास कागदपत्रांसह मांडला आहे. ‘सांस्कृतिक पार्श्वभूमी’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो, पण ती पार्श्वभूमी कोण रंगवतो आहे आणि कशासाठी, हे विचारावेच लागते.

या विषाला उतारा तीन ठिकाणांहून आला. पहिला कुमरानच्या गुहांतून. १९४७ पासून तिथे सापडलेल्या गुंडाळ्यांनी येशूच्या काळचा यहुदी धर्म किती विविध, वादप्रिय आणि जिवंत होता ते समोर आणले. दुसरा अभ्यासकांकडून. गेझा व्हर्मेश यांनी १९७३ मध्ये येशूला गालीलच्या सत्पुरुषांच्या पंक्तीत बसवले. पाऊस पाडणारा होनी आणि दूरवरच्या रोग्यासाठी प्रार्थना करून त्याला बरे करणारा हनिना बेन दोसा यांच्या कथा रब्बींच्या ग्रंथांत आहेत. येशूचे चमत्कार ऐकणाऱ्या यहुद्याला अशा माणसांची कल्पना परकी नव्हती. १९८५ मध्ये ई. पी. सँडर्स यांनी परुशी या यहुदी धर्मपंथाबद्दलच्या रूढ समजुतींची साक्षेपाने झाडाझडती घेतली. शब्बाथाच्या दिवशी काय चालते आणि काय नाही, यावर परुशांत आपसातच वाद असत, आणि जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा हा दंडक मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहातच आहे. हेरोद तुला मारायला टपला आहे, इथून निघून जा, असे येशूला सांगायला परुशीच आले होते, हे लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. प्रवचनात ते क्वचितच ऐकू येते.

तिसरा उतारा जमिनीतून आला आणि माझ्या मते तो सर्वांत भक्कम आहे. नासरेथपासून सुमारे ६ किलोमीटरवर सेफोरिस नावाचे शहर होते. हेरोद अंतिपाने ते नव्याने बांधले. शुभवर्तमानांत त्याचा उल्लेखही नाही. तिथे रोमन पद्धतीचे नाट्यगृह आणि देखणी मोझेक फरशी सापडल्यावर काही अभ्यासक हुरळले. येशू ग्रीक नाटके पाहत, भटक्या ग्रीक तत्त्वज्ञांची प्रवचने ऐकत वाढला असावा, अशी चित्रे विसाव्या शतकाच्या अखेरीस रंगवली गेली. पण मोझेक पुढच्या शतकांतले निघाले, आणि नाट्यगृहाच्या काळाबद्दल एकमत झाले नाही. इसवी सन ७० पूर्वीच्या थरांत सापडले ते वेगळेच: शुद्धिस्नानाची कुंडे आणि चुनखडी दगडाची भांडी. डुकराची हाडे जवळजवळ नाहीत. मार्क चॅन्सी यांनी २००२ मध्ये हा पुरावा एकत्र करून गालील अर्धे अयहुदी होते ही समजूत खोडली. ग्रुंडमानच्या मांडणीचा पायाच त्याने उखडला गेला. दगडी भांडी इथे विशेष बोलकी आहेत. मातीचे भांडे विटाळले तर फोडावे लागते, दगडाला विटाळ लागत नाही. म्हणून योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नघरी सहा दगडी रांजण आहेत. नासरेथजवळच रेने इथे अशी भांडी कोरण्याचा कारखाना असलेली गुहा २०१७ साली उजेडात आली. रांजणांचा तो तपशील आता कवीचा अलंकार राहिला नाही.

इतर शोधांची नुसती नावे घेतो. कैसरियात १९६१ साली सापडलेला पिलाताच्या नावाचा शिलालेख. १९६८ मध्ये यरुशलेमजवळ मिळालेले, खिळा आरपार गेलेले टाचेचे हाड. १९८६ च्या दुष्काळात गालीलच्या सरोवराचे पाणी ओसरल्यावर चिखलातून निघालेली, सुमारे ८ मीटर लांबीची आणि पुन्हा पुन्हा ठिगळे लावून वापरलेली मासेमारीची होडी. मग्दलात २००९ मध्ये सापडलेले पहिल्या शतकातले सभास्थान. या वस्तू कुठलीही गोष्ट ‘सिद्ध’ करत नाहीत. पण होडीच्या ठिगळांवरून त्या कोळ्यांची ऐपत कळते, आणि जाळी टाकून निघून जाणे म्हणजे काय टाकणे होते याचा अंदाज येतो.

आता एका गोष्टीपाशी थांबायला हवे, कारण सगळा प्रश्न तिच्यात एकवटला आहे. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट सुमारे २७ किलोमीटरची आणि जवळजवळ हजार मीटर उताराची आहे. त्या वाटेवर एकाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. याजक आला, बघून बाजूने गेला. मंदिरात सेवा करणाऱ्या कुळातला लेवी आला, तोही गेला. शोमरोनी आला, त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसवले, धर्मशाळेत नेले आणि मालकाला दोन दीनार दिले. याजक आणि लेवी का थांबले नाहीत? प्रवचनातले ठरलेले उत्तर असे की प्रेताला शिवून विटाळ होईल आणि मंदिरात सेवा करता येणार नाही या भीतीने. ऐकायला हे पटते, पण गोष्टीत त्याला कसलाही आधार नाही. याजक यरुशलेमहून खाली येत होता, मंदिराची वाट त्याच्या पाठीमागे होती. प्रेताच्या विटाळाचा खास निर्बंध याजकांवर होता, लेव्यांवर नव्हता. शिवाय वाटेवर बेवारस प्रेत दिसले तर प्रत्यक्ष महायाजकानेही विटाळाची पर्वा न करता त्याला मूठमाती द्यावी, असे मिश्ना सांगते. म्हणजे तोरा त्यांना अडवत नव्हती, उलट थांबायलाच सांगत होती. विटाळाचे कारण पुढे केले की दोघांचा दोष त्यांच्या धर्मावर ढकलला जातो. येशूने कारण दिलेले नाही, त्यामुळे दोष त्या दोन माणसांपाशीच राहतो.

आता तिसरा. याजक, लेवी आणि इस्राएली ही यहुदी समाजाची नेहमीची तीन अंगे. एमी-जिल लेव्हाइन या यहुदी अभ्यासक दाखवून देतात, की याजक आणि लेवी येऊन गेल्यावर श्रोते तिसऱ्या जागी साध्या इस्राएलीची, म्हणजे स्वतःची, वाट पाहत असणार. आणि येतो शोमरोनी. शोमरोनी म्हणजे कोण? तीच पंचग्रंथी तोरा, तीच सुंता, तोच शब्बाथ पाळणारे शेजारी. त्यांचे मंदिर मात्र गरिज्जीम डोंगरावर होते, आणि यहुदी शासक योहान हिर्कानुसने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ते पाडले होते. इतिहासकार जोसेफस सांगतो, की येशूच्या लहानपणी काही शोमरोन्यांनी वल्हांडण सणाच्या वेळी यरुशलेमच्या मंदिरात माणसांची हाडे विखुरली. इसवी सन ५० च्या सुमारास यात्रेला निघालेल्या गालीलकराचा शोमरोनी गावात खून झाला आणि सूडाची आग भडकली. लूकमध्येच, या दाखल्याच्या एकच अध्याय आधी, शोमरोनी गाव येशूला आसरा नाकारते आणि याकोब व योहान आकाशातून अग्नी पाडायची परवानगी मागतात.

मराठी वाचकाला इथे एक खास अडचण आहे. आपण शुद्धाशुद्धतेचा विचार करू लागलो की आपल्या मनात जात येते. मराठी प्रवचनांत आणि लेखांत शोमरोनी हा हटकून ‘अस्पृश्य’ होतो. हे वाचन जिथून येते त्या वेदनेचा मी आदर करतो. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बेंगळुरूत या दिशेने जो विचार मांडला, त्यातून भारतीय दलित धर्मशास्त्र उभे राहिले, आणि ख्रिस्ताची गोष्ट दलित अनुभवातून वाचण्याचा त्यांचा अधिकार कुणी नाकारू नये. पण लूकच्या गोष्टीतला शोमरोनी वंचित नाही. त्याच्याजवळ जनावर आहे, तेल आहे, द्राक्षारस आहे, पैसा आहे, आणि धर्मशाळेच्या मालकाला उधारीवर विश्वास ठेवायला लावण्याइतकी पत आहे. तो दीनदुबळा नाही, वैरी आहे. श्रोत्याला या गोष्टीत दया दाखवणाऱ्याची सन्मानाची भूमिका मिळत नाही. तो खड्ड्यात पडला आहे, आणि ज्याने आपल्या मंदिरात हाडे टाकली त्याच्या हातून जीव वाचवून घ्यायचा आहे. ज्या श्रोत्यांना इतिहासग्रंथ पाठ होते त्यांना आणखी एक आठवण झाली असेल. दुसऱ्या इतिहासात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, शोमरोनचे लोक यहुदाहून धरून आणलेल्या कैद्यांना कपडे घालतात, तेल लावतात, अशक्तांना गाढवांवर बसवतात आणि यरीहोपर्यंत पोचवतात. लूकची गोष्ट जवळजवळ त्याच शब्दांत, त्याच गावाच्या वाटेवर घडते. वैऱ्याने दया केल्याची ही घटना त्यांच्याच शास्त्रात लिहिलेली होती.

विटाळाचा मुद्दा इथेच पुरा करतो. यहुदी शास्त्रातली अशुद्धता बहुतांशी तात्पुरती होती: बाळंतपण, मासिक पाळी, वीर्यस्खलन, प्रेताला हात लागणे. ती जन्माने चिकटत नव्हती, आणि महायाजकापासून मजुरापर्यंत सगळ्यांना लागत होती. ती बरेचदा पुण्यकर्मातूनही येई, कारण आईवडिलांना मूठमाती देणारा मुलगा अशुद्ध होतोच. स्नान, सूर्यास्त, ठरावीक दिवस, आणि ती संपे. बारा वर्षे रक्तस्राव होणारी बाई येशूला मागून शिवते, तेव्हा येशूने विटाळाचे नियम मोडीत काढले असे म्हणण्याची प्रथा आहे. पण शिवू नये असा मनाईहुकूम लेवीय ग्रंथात कुठे आहे? मत्तय आणि लूक तर सांगतात की तिने त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला हात लावला. हे गोंडे गणना ग्रंथातल्या आज्ञेनुसार यहुदी पुरुष वस्त्राच्या कोपऱ्यांना लावत. म्हणजे ज्या वस्तूला शिवून ती बरी झाली, तीच येशूच्या तोरापालनाची खूण होती. कुष्ठरोग्याला बरे केल्यावरही येशू त्याला सांगतो, याजकाकडे जा आणि मोशेने सांगितलेले अर्पण कर. जातीचे नियम आणि हे नियम एकच समजणे दोघांवरही अन्याय करते. जातीची दाहकता त्यात सौम्य होते आणि यहुदी धर्माला नसलेला कलंक लागतो.

बापाकडून वाटणी घेऊन दूर गेलेल्या आणि सारे गमावून परतलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर एक निराळीच पद्धत वापरली गेली. केनेथ बेली यांनी अनेक दशके मिसर, लेबनॉन आणि यरुशलेममध्ये शिकवले. तिथल्या खेडुतांना ते विचारत, की बाप जिवंत असताना मुलगा वाटणी मागेल का? उत्तर येई, अशक्य, ते बापाच्या मरणाची इच्छा करण्यासारखे आहे. १९७६ च्या पुस्तकात बेलींनी यावरून सगळा दाखला मान-अपमानाच्या चौकटीत उलगडला. गावासमोर धावत सुटणारा म्हातारा आपली प्रतिष्ठा धुळीला मिळवून मुलाला वाचवतो, असे ते सांगतात. पाच वर्षांनी ब्रूस मलिना यांनी मान आणि लाज ही भूमध्य समाजाची गुरुकिल्ली आहे असा सिद्धांतच मांडला. वाचताना हे सगळे मनाला भिडते. पण विसाव्या शतकातल्या अरब खेड्यावरून किंवा स्पेन-ग्रीसमधल्या मानववंशशास्त्रीय पाहणीवरून पहिल्या शतकातल्या गालीलबद्दल किती ठामपणे बोलावे? सिराक नावाचा यहुदी ज्ञानग्रंथ बापांना बजावतो, की जिवंतपणी मालमत्ता मुलांच्या हाती देऊ नका. लोक तसे करत असल्याशिवाय अशी ताकीद कोण देईल? मिश्नामध्येही बापाने हयातीत मुलाच्या नावे केलेल्या जमिनीचे नियम आहेत. तोबितच्या कथेत परदेशाहून आलेल्या मुलाला बघून आई धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते, आणि त्यात तिची अब्रू गेल्याचे कुणी म्हणत नाही. मला बेलींच्या निरीक्षणांतून पुष्कळ शिकायला मिळाले, पण बाप धावला तो परतलेल्या लेकराला बघून, एवढे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटते.

पैशाच्या गोष्टींना त्या काळचे आकडे लावले की त्या लगेच जिवंत होतात. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. निर्दय सेवकाच्या दाखल्यात सेवकाचे देणे दहा हजार तालांत आहे. एक तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा, म्हणजे एकूण सहा कोटी दीनार. जोसेफसच्या नोंदीनुसार हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून वर्षाला दोनशे तालांत मिळत. म्हणजे हे कर्ज त्या संस्थानाच्या पन्नास वर्षांच्या उत्पन्नाइतके होते. त्याच्या सोबत्याचे देणे शंभर दीनार, साधारण चार महिन्यांची मजुरी, कष्टाने फिटण्यासारखी. श्रोते पहिल्या आकड्यालाच अवाक् झाले असतील.

राहिला रोम. मार्क आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात येशू ख्रिस्ताच्या शुभवार्तेचा आरंभ करतो. आशिया मायनरमध्ये प्रीने इथे इसवी सनपूर्व ९ चा एक शिलालेख आहे. त्यात सम्राट ऑगस्टसचा जन्म हा जगासाठी शुभवार्तांचा आरंभ ठरवला आहे आणि वर्षाची सुरुवात त्याच्या वाढदिवसापासून करायचे फर्मान आहे. ऑगस्टस स्वतःला दिव्य ज्यूलिअसचा पुत्र म्हणवत असे. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, की सत्तेवर येणाऱ्या व्हेस्पेशियनने अलेक्झांड्रियात एका आंधळ्याला थुंकी लावून डोळस केले. मार्कचा येशू बेथसैदात तेच करतो. नाण्यांवर आणि शिलालेखांवर सम्राटाची ही भाषा रोज पाहणाऱ्यांना मार्कचे शब्द किती धोक्याचे वाटले असतील! गरसेकरांच्या प्रदेशात भुताने पछाडलेला माणूस आपले नाव ‘सैन्य’ सांगतो. मूळ ग्रीकात तिथे रोमन फौजेचाच लॅटिन शब्द आहे. मग ती भुते दोन हजार डुकरांत शिरून सरोवरात बुडतात. यरुशलेमला वेढा घालणाऱ्या आणि पुढे तिथेच तळ ठोकणाऱ्या दहाव्या फौजेच्या चिन्हांत रानडुक्कर होते. मार्कच्या मनात हे होते की नाही यावर वाद आहे, पण त्याचे पहिले वाचक ते विसरले असतील असे मला वाटत नाही. भूगोल मात्र चुकला आहे. गरसा सरोवरापासून पन्नास किलोमीटरहून लांब आहे. म्हणूनच मत्तयाने गाव बदलून जवळचे गदरा घेतले.

मराठीत ही गोष्ट चार शतकांपूर्वीच आली. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर इथे छापलेल्या क्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. ना. वा. टिळकांनी अपुरे ठेवलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल सोप्या मराठीत आणले, आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. या साऱ्यांनी ख्रिस्ताला ओवी दिली, अभंग दिला, आपल्या घरची भाषा दिली. हे ऋण न फिटणारे आहे. आता त्याच्या यहुदी जगाची ओळख तितक्याच आत्मीयतेने करून देण्याचे काम उरले आहे, आणि मराठीइतकी सोय त्यासाठी दुसऱ्या फारशा भाषांना नाही. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलघाणे चालवणारे बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. शब्बाथ पाळणारा माणूस ढोंगी आणि दयाशून्य असतो, असे त्यांच्या शेजाऱ्यांनी कधी मानले नाही. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा त्यांनी १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी अनुवादासह छापला. मंदिर, उपास, शुद्धी, सण यांची यहुदी अर्थाची मराठी भाषा तयार आहे.

ऑक्सफर्डने २०११ साली नव्या कराराची एक सटीप आवृत्ती काढली. संपादक एमी-जिल लेव्हाइन आणि मार्क झ्वी ब्रेटलर, आणि टिपा लिहिणारे सगळे यहुदी अभ्यासक. तसे पुस्तक मराठीत व्हायला हवे. त्यात लूकच्या दहाव्या अध्यायाखाली गरिज्जीमचे मंदिर यावे, मत्तयाच्या नवव्याखाली गोंड्यांची आज्ञा यावी, परुशांवरच्या जळजळीत टीकेखाली ते शब्द यहुद्यांच्या आपसातल्या भांडणातले आहेत हे यावे. सर्वांत लांब टीप मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायाला लागेल. त्याचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो, असे तिथे जमाव ओरडतो. हे वाक्य चारांपैकी एकट्या मत्तयात आहे, आणि ते लिहिले गेले तेव्हा यरुशलेमच्या एका पिढीने शहर जळताना पाहिले होते. पुढे त्याच वाक्याचा आधार घेऊन युरोपात शतकानुशतके यहुद्यांच्या कत्तली झाल्या. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही असे जाहीर केले. ही टीप मराठी ख्रिस्ती आणि बेने इस्रायल अभ्यासकांनी एकत्र बसून लिहावी, आणि गुड फ्रायडेला दुःखसहनाचे वाचन होते तेव्हा तीही मोठ्याने वाचली जावी.